समाविष्ट गावातलं पाणी, टँकर आणि ड्रेनेज : पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या, म्हणजे समाविष्ट झालेल्या, एका गावात मी राहते. सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं खातं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. या काळात लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि रात्री साडेदहाच्या फोनवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत.

पुण्याला पाणी येतं कुठून?

मुख्यतः खडकवासला साखळीतल्या चार धरणांतून: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे 29 टीएमसी. त्यातलं खडकवासला स्वतः दोन टीएमसीचंही नाही. वरच्या तिघांचं पाणी त्यात उतरतं आणि तिथून शहराकडे आणि कालव्याकडे जातं. त्यामुळे जुलैत ‘खडकवासला भरलं’ ही बातमी आली की निर्धास्त होऊ नका, वरसगाव आणि पानशेतचा आकडा बघा. वर्ष निभणार की नाही, ते त्या दोघांवर ठरतं.

पूर्वेकडच्या काही भागांना 2021 पासून भामा आसखेडचं पाणी मिळतं. पिंपरी-चिंचवडचा आधार पवना धरण. तिथे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. तेव्हा ‘तात्पुरतं’ असं सांगितलं होतं, तात्पुरतेपणाची वर्षं मात्र लांबत गेली.

टीएमसी, एमएलडी हे आकडे डोक्यावरून जातात. सोपं करून सांगाल का?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,832 कोटी लिटर. एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. एक टीएमसी पाणी वर्षभर पुरवून वापरलं तर रोज साडेसात-पावणेआठ कोटी लिटर होतं. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हा सरकारी निकष. त्या हिशेबाने एका टीएमसीत पावणेसहा लाख माणसांचं वर्ष निघतं.

हाच हिशेब घरापाशी आणा. 180 फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे 720 जण. रोजची गरज 97 हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज दहा टँकर. कमिटीच्या मीटिंगला हे गणित फळ्यावर मांडा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

धरणं भरलेली असताना आमच्याकडे टँकर का लागतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. तो रास्त आहे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

पाणी धरणात असणं वेगळं आणि तुमच्या टाकीत पडणं वेगळं. मध्ये शुद्धीकरण केंद्र, मोठी जलवाहिनी, उंचावरची साठवण टाकी, तिथून गल्लीतली लाइन आणि मग नळजोड अशी साखळी आहे. यातली एक कडी नसली तरी पाणी पोहोचत नाही, आणि समाविष्ट गावांत बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन-तीन कड्याच नाहीत. महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं. हद्दीची रेघ एका अधिसूचनेने सरकते. टाक्या बांधायला आणि रस्ते खोदून लाइन टाकायला मात्र दहा-दहा वर्षं जातात. गावं होती तेव्हा ग्रामपंचायतीची एक विहीर आणि एक टाकी दोन-तीन हजार माणसांना पुरत होती. आज त्याच विहिरीच्या भोवती बारा-बारा मजली इमारती आहेत.

दुसरं कारण गळतीचं. शहरात सोडलेल्या पाण्यापैकी 35 ते 40 टक्के पाणी गळती आणि बेहिशेबी वापरात जातं, हे वर्षानुवर्षं बोललं जातं. जुन्या पेठांतल्या लाइन कित्येक ठिकाणी दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या आहेत.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त टोचतं. आपल्याकडे आधी इमारत येते, मग रस्ता, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी ड्रेनेज. हा क्रमच चुकलेला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायला झरोके, ठेवले होते. फडके हौद, साततोटी ही नावं अजून आपण रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगतो. पंप नसलेल्या काळात ज्या शहराने एवढं केलं, त्याला आज इमारतीच्या आधी लाइन टाकता येत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही.

बिल्डरने ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू’ असं हमीपत्र दिलंय. ते कामाचं आहे का?

कागद म्हणून कामाचं आहे, जपून ठेवा. पण ताबा दिला, सोसायटी स्थापन झाली, की टँकरचं बिल हळूहळू तुमच्या मेंटेनन्समध्ये येतं. आमच्याकडे तेच झालं. पहिले सात महिने बिल्डर भरत होता, आठव्या महिन्यात बिल सोसायटीच्या नावाने आलं. पाण्याची खात्री नसताना परवानग्या देण्याचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. 2016 मध्ये बाणेर-बालेवाडीत पाणी पुरत नाही या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकाम परवानग्या रोखल्या होत्या. हमीपत्राची प्रत, टँकरच्या पावत्या आणि महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार एका फाइलमध्ये ठेवा. दाद मागायची वेळ आली तर तोंडी सांगण्याला किंमत नसते.

टँकरचं पाणी प्यायला चालतं का? ओळखायचं कसं?

तपासल्याशिवाय नाही. पाणी स्वच्छ दिसतं आणि वास येत नाही, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाची छोटी बाटली आणि खुणा असलेली नळी बाजारात स्वस्तात मिळते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, दोन-तीन थेंब टाका, हलवा. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. जितकं गडद, तितकं जास्त. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून बघा. दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहायला हवं. रंग आलाच नाही तर ते पाणी टाकीत घेऊ नका.

मी पहिल्यांदा ही तपासणी केली तो सकाळी सहाचा टँकर होता. ड्रायव्हरने पाईप ओढला. त्याचं तोंड रात्रभर रस्त्याकडेच्या चिखलात पडलेलं. तो ते तसंच आमच्या खालच्या टाकीत सोडणार होता. मी थांबवलं, तर म्हणाला, “ताई, रोज असंच टाकतो.” नळीत थेंब टाकले, पाणी पांढरंच राहिलं. त्या दिवशी टँकर परत पाठवला. दुपारपर्यंत तीन विंगांना पाणी नव्हतं आणि मला भरपूर बोलणी खावी लागली. त्यानंतर आम्ही नियम केला: पाईपचं तोंड आधी धुवायचं, पाईप जमिनीवर टाकायचा नाही, वॉचमनने ओटी करूनच झाकण उघडायचं आणि वहीत वेळ, गाडीचा नंबर, रंग लिहायचा. आज आमच्या वॉचमनकाकांना ओटी माझ्यापेक्षा चांगली जमते.

ओटीला पिवळा रंग आला म्हणजे पाणी प्यायला योग्य, असंही नाही. ते क्लोरीनपुरतंच सांगतं. वर्षातून दोनदा तरी प्रयोगशाळेत जिवाणू आणि रासायनिक तपासणी करून घ्या.

2025 मध्ये सिंहगड रस्त्यावर जीबीएसची साथ आली होती. तिचा पाण्याशी संबंध होता का?

जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संख्या दोनशेवर गेली, काही मृत्यू झाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांत मुंग्या, अशक्तपणा, आणि तो वर चढत जातो. काहींना व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या अन्नातून पोटात जातो.

ही गावं धरणाच्या पायथ्याशी आहेत. तरी तिथल्या मोठ्या भागाला विहिरीचं पाणी, शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरीन टाकून मिळत होतं. त्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या एका बाई रोज दोन पातेली पाणी उकळून कामाला जात होत्या. गॅसचा सिलिंडर पंधरा दिवस आधी संपला. शुद्ध पाणी महापालिकेने दिलं नाही, की त्याचा खर्च असा एकेका स्वयंपाकघरावर पडतो.

बोअर आणखी खोल घेऊ का?

शक्यतो नको. पुण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांत. खोल गेलं की पाणी जास्त, असा हिशेब इथे लागत नाही. शेजारच्या सोसायटीच्या बोअरला आणि तुमच्या बोअरला बहुतेकदा एकच भेग पाणी पुरवत असते. तुम्ही खोल गेलात की त्यांचा आटतो, मग ते खोल जातात.

त्यापेक्षा गच्चीचं पाणी मुरवा. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 500 चौरस मीटर गच्चीवरून, वाया जाणारं वजा करूनही, पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. म्हणजे दहा हजारांचे 28 टँकर. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, फिल्टर मेमध्येच साफ करा. पुनर्भरणाचा खड्डा पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता बांधून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले मी स्वतः दोन ठिकाणी उघडून पाहिले आहेत. आपला खड्डा कुठे आहे, हे आधी शोधा.

फ्लश केलेलं पाणी जातं कुठे?

पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी मैलापाणी म्हणून परत येतं. जिथे ड्रेनेज लाइन आहे तिथे ते मैलाशुद्धीकरण केंद्रात जायला हवं. जुन्या केंद्रांची मिळून क्षमता 477 एमएलडी. शहर त्यापेक्षा कितीतरी जास्त मैलापाणी सोडतं. उरलेलं नाल्यांवाटे सरळ मुळा-मुठेत जातं. जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने 396 एमएलडीची 11 नवी केंद्रं बांधण्याच्या प्रकल्पाचा करार 2016 मध्ये झाला. काम रखडत रखडत पुढे गेलं.

पुढे काय होतं, ते मी प्रत्येकाला सांगते. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला वारकरी ज्या पाण्यात उतरतात, त्यात वरच्या शहरांचा मैला असतो. इंद्रायणीचं तेच. आळंदीला घाटाजवळ फेसाचे ढीग तरंगतात, ते पाहून माझ्या सासूबाईंनी हातातला तांब्या तसाच खाली ठेवला होता. अभंगातून ज्या नदीचं नाव रोज घेतो, तिच्यात हात बुडवायची त्यांना भीती वाटली. ही लाज आपली आहे, पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची.

सोसायटीचा एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारं छोटं केंद्र) चालवणं महाग पडतं. बंद ठेवला तर काय होतं?

बंद ठेवू नका. हिशेब करा. 135 लिटरपैकी सुमारे 45 लिटर फ्लशला जातात. वरच्या उदाहरणातल्या 720 माणसांचे 32 हजार लिटर झाले, म्हणजे रोज तीन टँकर. एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी फ्लशच्या वेगळ्या लाइनला आणि बागेला दिलं तर ते तीन टँकर वाचतात. ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, विजेपेक्षा टँकर महाग आहे.

चालू आहे की नुसता दाखवायला आहे, हे ओळखणं सोपं आहे. ज्या टाकीत हवा सोडतात तिचं पाणी चॉकलेटी दिसलं पाहिजे आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला पाहिजे. काळं पाणी आणि सडका वास म्हणजे ब्लोअर बंद आहे, जिवाणू मेलेत. हवेच्या टाकीतल्या पाण्याने एक लिटरची काचेची नळी भरून अर्धा तास ठेवा. गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिलं तर ठीक. आमच्याकडे ऑपरेटर रात्री ब्लोअर बंद करायचा, कारण वीज बिल कमी आलं की कमिटी खूश व्हायची. कमिटीत मीही होते, बिल बघून आनंद मलाही झाला होता. जिवाणूंना रात्रीही हवा लागते, हे त्याला आणि आम्हाला सगळ्यांना नंतर समजलं.

सेप्टिक टँक किंवा चेंबर तुंबलं. ‘माणूस आत उतरवतो, स्वस्तात होईल’ असं एक जण म्हणतोय.

नाही. कधीही नाही.

आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशा सफाईसाठी माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त महापालिकेला नाही, काम सांगणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यालाही लागू आहे. अशा मृत्यूसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये केली. सक्शनची गाडी बोलवा. ती दोन दिवस उशिरा आली तर दोन दिवस वास सहन करा.

वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयांचं काय?

1999 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात, स्वयंसेवी संस्था आणि वस्त्यांना सोबत घेऊन पुण्यात चारशेच्या वर सामुदायिक शौचालयं उभी राहिली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं क्वचितच झालं होतं. बांधणं झालं, पण पाणी, वीज आणि झाडू-फिनाइलचा रोजचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उरला. रात्री दिवा नसेल तर मुली जात नाहीत, इतकं साधं आहे. शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्थेने घरात संडास देण्यावर भर दिला. जिथे ड्रेनेजची लाइन गल्लीत पोहोचते तिथे मला तोच मार्ग बरा वाटतो.

ओढ्याला भिंत बांधली तर पूर थांबेल का?

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल भागात पाणी घरांत शिरलं. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याचं पात्र अरुंद झालं होतं, वर डोंगरउतारावर काँक्रीट वाढलं होतं. भिंत एका जागचं घर वाचवते आणि पाणी पुढच्या वळणावर जोराने ढकलते. आधी विकास आराखड्यातली ओढ्याची रुंदी काढा आणि जागेवर टेप लावून मोजा. फरक दिसला की लेखी तक्रार करा, फोटोसकट.

शेतकऱ्यांचं पाणी आपण पळवतो का?

खडकवासल्याचा कालवा हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीसाठी आहे. शहराने ठरल्यापेक्षा जास्त उचललं की तिकडचं आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीने सुटणारं पाणी, कमी होतं, आणि दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत वाद पेटतो. तोडगा म्हणून पुण्याने 6.5 टीएमसी शुद्ध केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शेतीला परत द्यायचं ठरलं. कल्पना योग्य आहे. पण पाणी नीट शुद्ध न करता दिलं तर आपण त्यांचं स्वच्छ पाणी घेतो आणि त्यांच्या उसाला आपला मैला पाठवतो. माझं माहेर दौंड तालुक्यातलं आहे. तिथल्या विहिरीचा बदललेला वास मला माहीत आहे.

फ्लॅट घेताना पाण्याबद्दल काय विचारावं?

नळजोडाचा व्यास आणि रोज प्रत्यक्ष किती वेळ पाणी येतं. मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं. ड्रेनेज लाइन महापालिकेच्या लाइनला जोडलेली आहे की मागच्या ओढ्यात सोडली आहे. हे शेवटचं सेल्स ऑफिसमध्ये विचारू नका, मागे चालत जाऊन स्वतः बघा. शक्यतो मे महिन्यात, सकाळी सहाला जा. गेटवर टँकरची रांग असेल तर ती दिसेल, आणि वॉचमन खरं सांगेल.

नळाला अचानक गढूळ किंवा वासाचं पाणी आलं. पहिलं काय करायचं?

खालच्या टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे घाण वर चढणार नाही. वरच्या टाकीला जाणारा पंप थांबवा. स्वच्छ बाटलीत नमुना घ्या, वेळ लिहा, फोटो काढा. शेजारच्या दोन सोसायट्यांना फोन करा: त्यांच्याकडेही तसंच असेल तर बहुधा बाहेरची लाइन फुटून त्यात ड्रेनेज मिसळलं आहे, तुमच्याकडेच असेल तर दोष बहुधा तुमच्या टाकीत आहे. मग क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाला कळवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. घरोघरी निरोप द्या की पिण्याचं पाणी खळखळून उकळूनच घ्यायचं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत ग्रुपवरचा मेसेज पोहोचत नाही. त्यांच्या दारावर जाऊन सांगा.